खिडकीतली मोजदाद

आमच्या एर्त्सगेबिर्गच्या डोंगरात
घरात मुलगा जन्मला की खिडकीत एक लाकडी खाणवाला,
मुलगी झाली की एक देवदूत.
दोघांच्याही दोन्ही हातांत मेणबत्त्या.
डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारतं,
तेव्हा रस्त्यानं जाणारा कुणीही
उजेड मोजून सांगू शकतो
या घरात पोरं किती.

आमच्या खिडकीत तीन खाणवाले:
एरेनफ्रीड, वीलांट, गेर्नोट.
शेवटची मी, हिल्ट्रूड,
डावा पंख जरा आखूड,
कारण वडिलांनी मला कोरलं ते रात्रपाळीहून आल्यावर,
डोळे मिटत असताना.

त्यांच्या कंपनीच्या नावात एक धातू होता,
जमिनीखाली ते खणत होते दुसराच.
त्याचं नाव घरात घ्यायचं नाही.
आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची.
त्यांचा खोकला जिन्यावर ऐकू आला
की आम्ही पोरं म्हणायचो, पगार आला.

नाताळच्या आदल्या रात्री नऊ पदार्थ.
मसूर, म्हणजे खुर्दा कमी पडू नये.
बटाट्याचे गोळे, म्हणजे नोटा.
आंबवलेला कोबी, म्हणजे आयुष्य आंबू नये;
आईचं हे तर्कशास्त्र मला अजून उमगलेलं नाही.
टेबलावरच्या कापडाखाली चिमूटभर गवत,
एक ताट जास्तीचं, कुणी आलंच तर.
आणि जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.
उठलं तर कोंबड्या घर सोडून जातात.

साठ सालच्या त्या रात्री वीलांट उठला.
मीठ आणायला, एवढंच.
आई बोलली नाही, नुसती अंगणाकडे बघत राहिली.
सकाळी कोंबड्या होत्या तिथंच होत्या.
पुढच्या जुलैत वीलांट नव्हता.

त्या डिसेंबरात आईनं चौघांनाही खिडकीत मांडलं.
कचेरीतला एक माणूस आला.
हातमोजे न काढता, काचेवर बोट टेकवत मोजू लागला.
"मुलगे तीन? आमच्या नोंदीत दोन."
"लाकूड आहे हो," आई म्हणाली,
"नोंदीत घ्यायचं तर घ्या."
त्यानं लिहून घेतलं की नाही, आठवत नाही.
जाताना बूट मात्र पुसून गेला,
आत आला नव्हता तरी.

पुढं मी सहकारी कारखान्यात देवदूत रंगवू लागले.
खोक्यावर देवदूत लिहायचं नाही,
अशी वरून चिठ्ठी आल्याचं म्हणत.
चिठ्ठी कुणी पाहिली नव्हती. आम्ही हसत हसत लिहायचो:
वर्षअखेरची पंखवाली आकृती, नग चोवीस.
सगळी खोकी पश्चिमेला जायची.
सीमा ओलांडायचा परवाना
फक्त त्यांनाच सहज मिळायचा.

वडिलांच्या मातीला यायचा वीलांटचा अर्ज फेटाळला गेला.
मग कासेलहून त्याचं पत्र आलं:
दुकानात एक देवदूत मिळाला, आपल्याकडचा.
किंमत सांगत नाही, तू रागावशील.
खिडकीत ठेवलाय.
ओठ किंचित तिरके आहेत, तूच रंगवलेस ना?

मी उलट टपाली कळवलं: हो, मीच.

खरं तर त्या वर्षी मी डोळे रंगवत होते.
ओठ इर्मट्राउडकडे असत.

एकोणनव्वदच्या नाताळला तो आला,
टक्कल पडलेला, वर्तमानपत्रात देवदूत गुंडाळून.
आईनं त्याला पाहिलं, मग चुलीवरचं पातेलं पाहिलं,
म्हणाली, "हात धू."
अठ्ठावीस वर्षं रिकामं राहिलेलं ताट
तिनं त्याच्यापुढं सरकवलं.

मसुरात मीठ नव्हतं. मीठदाणी खिडकीपाशी होती,
पाच पावलांवर.
मध्येच दारावर कुणीतरी थाप मारली.
वीलांट हलला नाही.
दोन्ही हात टेबलावर ठेवून
शेवटच्या घासापर्यंत अळणी मसूर खात राहिला.

आमच्याकडे सत्तर सालापासून कोंबड्या नाहीत,
हे त्याला कुणीच सांगितलं नाही.